भैरोबाला झालेली मानमोडी

सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली त्या भाद्रपदात बारामतीच्या एसटी स्टँडवर लोक नाकातोंडाला रुमाल बांधून उसाचा रस पीत होते. रुमाल खाली, एक घोट, रुमाल वर. मी तिथल्याच एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायचे, त्यामुळे माझा भाव एकाएकी वधारला. एरवी माझा विषय शेजारच्या काकूंना कितीदा सांगूनही कळला नव्हता. "ती जंतूंचं काहीतरी करते" एवढ्यावर त्यांनी मिटवलं होतं. आता त्याच काकू सकाळी उठल्या उठल्या माझी कडी वाजवायच्या आणि फ्लॉवर गरम पाण्यात धुतला तर चालेल का, असं विचारायच्या. मेडिकलच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन गायब झाली होती. ज्यांना काहीही झालेलं नव्हतं त्यांनी ती आधीच खाऊन टाकली होती. मला या सगळ्याचा इतका संताप आला होता, की त्या पंधरवड्यात मी वर्गात प्लेग सोडून बाकी सगळे रोग शिकवले.

पितृपंधरवडा चालू होता आणि आमच्या घरची पित्रं होती, म्हणून रविवारी गावी गेले. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या पुढे, उजनीच्या पाण्याकाठी. जुनं गाव मी शाळेत असताना धरणात गेलं. नव्या गावठाणात रस्ते सरळ आहेत, घरं एका ओळीत आहेत आणि सावली कुठेच नाही. पूर्वी आमच्या घरात मेंढरं असायची आणि माणसं वर्षातला बराच काळ त्यांच्यामागे रानोमाळ फिरायची. आता ऊस आहे, ट्रॅक्टर आहे आणि मेंढरांची आठवण म्हणून आबांच्या चार शेळ्या आहेत.

मी पोचले तेव्हा आमच्या गल्लीत ही गर्दी. मधोमध एक पाटी उपडी घातलेली आणि तिच्यावर मोठा दगड. पाटीखाली काय आहे, तर म्हणे मेलेला उंदीर. तो मेलेला आहे तर दगड कशाला, असं मी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मी दगड बाजूला सारला, पाटी उचलली. उंदराच्या मानेवर दात उमटलेले लांबूनही दिसत होते.

"मांजरानं मारलाय हा," मी म्हटलं.

"पर मांजराला पलेग असला तर?" गर्दीतून एक जण म्हणाला.

मी पाटी पुन्हा त्यावर घातली आणि घरात गेले.

घरात आत्याचं राज्य. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि चूल आणि देव्हारा या दोन्ही गोष्टी तिने ताब्यात घेतल्या त्या आजतागायत सोडलेल्या नाहीत. मी बारामतीहून आणलेलं टेट्रासायक्लीनचं पाकीट तिने माझ्या हातातून घेतलं आणि देवापुढे ठेवलं. "राहू दे हितं," ती म्हणाली. "लागल तवा घिऊ. तवर देव बघतील." माझ्या पदव्यांचं त्या घरात काय होतं, हे मला फार पूर्वीच समजलं होतं.

आता आबांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यासाठीच झालं. आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगकाठी सडसडीत, डोक्याला पटका. गावात त्यांची ओळख एकच, पांढऱ्या पायाचा माणूस. ते जन्मले आणि त्यांची आई गेली, पाठोपाठ घरातली आणखी दोन म्हातारी माणसं गेली. शेळीच्या दुधावर वाढले. "आईला खाऊन आलं पोर" हे वाक्य त्यांनी चालायला लागायच्या आधीपासून ऐकलेलं.

आबांनी हा कलंक असा काही अंगवळणी पाडला होता, की पाहणाऱ्याला हेवा वाटावा. कुणाच्या लग्नाची बोलणी असली की त्यांना नेत नसत, त्यामुळे हुंडा, मानपान, रुसवेफुगवे यातलं त्यांना काही कधी सोसावं लागलं नाही. लग्नात ते मांडवात न बसता आचाऱ्याजवळ बसत आणि पहिल्या घाण्याची बुंदी खात. नवी विहीर पाडायची असो की ट्रॅक्टरची पूजा, आबा सगळ्यांत मागे, सावलीत. मी दहावीच्या परीक्षेला निघाले तेव्हा ते शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन दडले आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत आतून खोकत राहिले, म्हणजे मला ते नेमके कुठे आहेत हे कळावं आणि मी चुकूनही तिकडे पाहू नये. मी पास झाले. गावाने त्याचं श्रेय आबांच्या दडून बसण्याला दिलं.

त्या रविवारी जेवणं उरकल्यावर मी गोठ्यात गेले. आबा शेळी पिळत बसले होते.

"ही पलेग कशानं येती गं?" त्यांनी विचारलं.

मी उंदीर, पिसवा, जंतू असं सगळं सांगितलं. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गापेक्षा आबांनी ते जास्त लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजी माणसाच्या पायगुणानं येत न्हाय?"

"नाही."

"कंचाच रोग?"

"कुठलाच नाही, आबा."

भांड्यातल्या दुधावर फेस आला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग एवढं सांग. मी आलो म्हणून आई गेली, का ती जाणारच हुती?"

त्यांच्या सावलीत बसण्याची, आधी बुंदी खाण्याची आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर चेष्टा केली होती आणि हा माणूस एवढी वर्षं हे पोटात धरून बसला होता. मी घाईघाईने म्हटलं, "तुमच्यामुळे कशी जाईल? काहीतरीच."

त्यांनी मान हलवली. "तू घरचं लेकरू. तू असंच म्हणायची. तसं नगं. नीट बघून सांग."

म्हणजे त्यांना धीर नको होता, पुरावा हवा होता. मी तिथेच ठरवलं, की तो आणून द्यायचा. सुट्टी काढली आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मागे लागले.

साथ कुठली होती याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मानमोडी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जगभर आलेला तो इन्फ्लुएंझा. आमच्याकडे माणसाची मान मोडून पडायची म्हणून हे नाव. वर्ष मला माहीत होतं. मला हवा होता तो महिना. आबा जन्मले कधी आणि त्यांची आई गेली कधी, या दोन्हींत किती अंतर होतं, एवढंच. पण आमच्या गावात काळ मोजायची रीत अशी, की ती ज्याची त्यालाच कळावी.

"कधी म्हंजी?" एक म्हातारे म्हणाले. "आमचा पांढरा बैल मेला त्याच साली."

"बैल कधी मेला?"

"मानमोडीच्या साली."

दुसऱ्या एक आजी म्हणाल्या, की मेंढरं कोकणातून परत आली त्याच्या आधी. मी विचारलं, मेंढरं कधी परत आली? त्या म्हणाल्या, "पोर झाल्याचं कळलं तशी." कुठलं पोर? "तुझा आबाच की." अशा वाटेने मी फिरून फिरून पुन्हा आमच्याच ओट्यावर यायचे. आणि शेवटी सगळे तेच एक वाक्य म्हणायचे, तो आला अन् ती गेली.

जुनं गाव पाण्यात, पूर्वी पुरलेल्या माणसांची दगडी थडगी पाण्यात. वैतागून देव्हाऱ्यापुढे बसले होते तेव्हा मला टाक दिसले. आमच्याकडे घरातलं माणूस अकाली गेलं, की त्याचा टाक करतात. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटभर उंचीची मूर्ती. ती देवांच्या शेजारी बसते आणि देवांबरोबर तिलाही नैवेद्य दाखवतात. म्हणजे घरातली मेलेली माणसं तिथे रांगेने माझ्यासमोर उभी होती आणि मी गावभर बैलांची चौकशी करत हिंडत होते.

आत्या शेजारच्या घरी पित्रांचा स्वयंपाक करू लागायला गेली होती. ती संधी साधून मी सगळे टाक पाटावर मांडले आणि कॉलेजातून आणलेलं भिंग लावून बसले. पाच टाक मला वेगळे सापडले. पाचांचा पत्रा सारखा, पाचांच्या कडेला ठिपक्यांची तीच नक्षी, पाचही उघडउघड एकाच सोनाराच्या हातचे. आत्याने वर्षानुवर्षं चिंच आणि राख लावून घासल्यामुळे चेहरे पार सपाट झाले होते, पण मला चेहऱ्यांशी काही करायचं नव्हतं. एकाच वेळी केलेले पाच टाक म्हणजे एकाच वेळी गेलेली पाच माणसं. साथीचा याहून सरळ पुरावा तो काय असणार? मला असा आनंद झाला, की मी ओट्यावर येऊन मोठ्याने व्याख्यानच सुरू केलं. शेजारपाजारची माणसं जमली. आबाही येऊन लांब उभे राहिले. मी खडूने जमिनीवर पाच वर्तुळं काढली, बाण काढले, ताप एकाकडून दुसऱ्याकडे कसा गेला असेल ते दाखवलं. कॉलेजात ऐकवायला हा विषय किती नामी आहे, असंही मनात येऊन गेलं.

आबा हळूच म्हणाले, "पाच? मला आजवर तीनच सांगितली हुती."

मी थबकले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या खात्यावर मी आणखी दोन माणसं चढवली होती.

तेवढ्यात आत्या आली. तिने पाटावर उघडे पडलेले देव पाहिले, माझ्या हातातलं भिंग पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "काय चाललंय?"

मी पहिल्या टाकाकडे बोट दाखवून म्हटलं, की हा बहुधा साथीत गेलेला पहिला पुरुष.

"हा भैरोबा हाय," आत्या म्हणाली.

"आणि ही?"

"जोगेश्वरी. त्याची बायको. आणि हा खंडोबा. जुनं टाक झिजलं म्हणून आईनं बारामतीच्या सोनाराकडनं सगळं एकदमच नवं करून आणलं हुतं, देवबी आन माणसंबी." मग ती जमलेल्या लोकांकडे वळली. "ऐकलं का? आमच्या म्याडमनी भैरोबाला मानमोडीनं मारला."

लोक हसत हसत घरोघर गेले आणि जाताना ही बातमी घेऊन गेले. पुढचे कित्येक दिवस मी गावात कुठेही दिसले, की कुणीतरी काळजीच्या सुरात भैरोबाची तब्येत विचारायचं. मला रागही आला आणि लाजही वाटली, पण आबा मात्र हसले नाहीत. त्यांचा आकडा पुन्हा तिनावर आला होता.

माणसं पांगल्यावर मी टाक परत लावू लागले. पाचांतले तीन देव निघाले. उरल्या दोन बायका, दोघींच्या कपाळावर कुंकवाचा ठसा. एकीचं मला माहीत होतं, ती आबांची आई, माझी पणजी. "दुसरी कोण?" मी आत्याला विचारलं.

आत्या उगाच समई पुसायला लागली.

"कोण गं?"

"आपली न्हाय ती," ती शेवटी म्हणाली आणि दार लोटून घेतलं. मग सांगितलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गाव उठलं. आमचे देव आणि शेजारच्या घरचे देव एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, एकाच टोपलीत, एकाच धडप्यात बांधून आणले. नव्या घरी पोचल्यावर ज्याचे त्याने अंदाजाने वेचून घेतले. आत्याने त्या संध्याकाळीच मोजले, तर एक बाई जास्ती.

"मग सांगितलं का नाही?"

"देव कमी भरला तर माणूस बोंब मारतं. जास्ती भरला तर काय मारायचं?" आत्या म्हणाली. "परत काढून दिली आन आपलीच दिली गेली म्हंजी? दोघी एकाच सोनाराच्या हातच्या, शेजाऱ्यांनीबी तवाच करून घेतलेली. मी दोघींनाबी निवद दावीत आली. उपाशी तर न्हाय ठिवली कुणाला."

म्हणजे आम्ही एवढी वर्षं दुसऱ्याच्या घरच्या बाईला जेवू घालत होतो. ते शेजारी पुढे पुण्याकडे कुठेतरी गेले आणि त्यांचं पुढे काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं. पण आत्याला एवढं ठाऊक होतं, की टाकावरची ती बाईही मानमोडीतच गेली, बाळंतीण असताना. आणि तिची ती तान्ही मुलगी सांगवीला आजोळी वाढली, तिथेच दिली आणि अजून आहे. भिंतीला भिंत लागून घर, साथ तीच. तिला काही ऐकून माहीत असलं तर? मी म्हटलं, चला सांगवीला. आत्यालाही आता घाई झाली होती. गुपित फुटल्यावर सर्वपित्रीच्या आत बाई आपल्या घरी पोचलीच पाहिजे, असं तिने ठरवून टाकलं. आबांना मात्र ओढून काढावं लागलं. "चांगल्या कामाला मला कशाला नेता?" ते म्हणत होते. मी म्हटलं, काम चांगलं आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही.

आत्याने दोन्ही बायका कुंकवाने माखून, लाल कापडात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घातल्या. दोघी कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "कंची कुणाची ती लेकीलाच वळखू द्या. आपल्या आईला लेक वळखतीच."

"आई गेली तेव्हा ती तान्ही होती, आत्या."

"मंग काय झालं?"

भिगवणहून बारामतीच्या एसटीत आत्या डबा मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर आला, नाकाला रुमाल बांधलेला. डब्याकडे बघून म्हणाला, "काय हाय मावशी ह्यात? खाली ठिवा की."

"खाली न्हाय ठिवायचा. माणसं हायेत."

"किती?" तो हसत म्हणाला. "तिकीट काढावं लागल मंग."

"दोन. पर मेलेली हायेत," आत्या म्हणाली. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. "साथीत गेली दोघी."

कंडक्टर मागे सरकला. आमच्या पुढची दोन बाकं आणि मागचं एक रिकामं झालं. एका बाईने पोराचं तोंड पदराने झाकलं. मी उभी राहून सांगायला लागले, की त्या साथीला पाऊणशे वर्षं झाली, डब्यात चांदीचे टाक आहेत, चांदीला काही होत नाही. कुणी ऐकलं नाही. आत्या ऐसपैस पसरून बसली आणि बारामती येईपर्यंत झोपली. आबा म्हणाले, "मी आलोय म्हणल्यावर असंच व्हायचं."

बारामतीला बस बदलून सांगवीत उतरलो. घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर एक म्हातारी सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. पाठ वाकलेली, हात मात्र मशीनसारखे चाललेले. घरात सगळे तिला आक्का म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. आत्या आणि मी ओसरीवर टेकलो. आबा खाली अंगणातच उभे राहिले.

"वर या की," आक्का म्हणाल्या.

"नगं. मी पांढऱ्या पायाचा. भाइरच बरा," आबा म्हणाले, एखादा आपलं आडनाव सांगेल इतक्या सहज.

"मंग तर याच. हितं काय मी निराळी हाय व्हय?" आक्का म्हणाल्या. आबा तरी हलले नाहीत.

आत्याने डबा उघडला, कापड सोडलं, दोन्ही टाक सुपाशेजारी ठेवले आणि टोपलीपासून सगळी हकीकत सांगितली. "ह्यातली एक तुमची आई. कंची ते वळखून घ्या."

आक्कांनी दोन्ही टाक उजेडात धरले, उलटसुलट केले. "मी काय वळखू? मला तिचं तोंड कुठं ठावं हाय?" मग विचारलं, "आन ही दुसरी कोण?"

"ह्यांची आई," आत्याने अंगणाकडे बोट केलं.

आक्कांनी हातातले टाक खाली ठेवले. त्या आबांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तू त्यो व्हय."

"कोण?"

"माझा दूधभाऊ."

"मला भैनच न्हाय," आबा म्हणाले.

"भैन न्हाय. दूधभैन." आक्कांनी सूप बाजूला सारलं. "आई माझी बाळातपणातच तापानं गेली. माझं बारसंबी झालं न्हवतं. घरातली बाकीची तापानं आडवी. तवा भिंतीपल्याड तुझी आई हुती. तिनं मला उचलली आन पदराखाली घेतली. माझी मामी सांगायची, एकीकडं तू, एकीकडं मी. तू दांडगा, बसाय लागलेला. माझ्या वाटचंबी प्यायचास आन वर मला लाथा मारायचास."

"मी?" आबा म्हणाले.

"मंग काय मी?"

आत्याला यात रस नव्हता. ती ज्या कामाला आली होती ते राहून चाललं होतं. "ते असू द्या. कंची घेताय तेवढं सांगा."

"दोघींनी पाजलंय मला," आक्का म्हणाल्या. "डोळं झाकून दे एक." आत्याने नाराजीनेच एक टाक त्यांच्या हातात ठेवला आणि दुसरा पुन्हा लाल कापडात बांधला. एवढ्या वर्षांचा घोर असा एका क्षणात संपल्याचं तिला मुळीच आवडलं नाही.

माझं लक्ष मात्र एकाच शब्दावर अडकलं होतं. बसायला लागलेला. मी विचारलं, "आक्का, तुमचा जन्म कुठल्या महिन्यातला?"

"भादव्यातला. गवरी बसल्या हुत्या घरात."

"आणि यांची आई कधी गेली?"

"दिवाळीच्या तोंडाला. मामा मला न्यायला आला तवा लोकांच्या दारात पणत्याबी न्हवत्या, म्हणायचा."

"आबा, तुमचा जन्म?"

"मिरगाच्या आधी म्हणत्यात. त्या साली मिरूग कोरडा गेला."

मी ओसरीच्या कडेला सरकले आणि आबांना सांगितलं. मृगापासून दिवाळीपर्यंत तुमची आई होती, आबा. तुम्ही आलात आणि ती गेली, असं झालंच नाही. उन्हाळ्याचा शेवट, सगळा पावसाळा ती होती. तुम्हाला पाजत होती. तुम्ही पालथे पडलात, बसायला लागलात, ते तिनं पाहिलंय. लोकांनी सांगता सांगता त्या पाच महिन्यांचा एक दिवस केला.

"हुती?" आबा म्हणाले.

"होती."

त्यांनी पटका काढून हातात घेतला. मला वाटलं, काम झालं. मी पुरावा आणून दिला होता, पक्का, महिन्यासकट. मला रडूही येत होतं आणि थोडा गर्वही वाटत होता.

तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "तुझ्यामुळं कशी जाईल ती? ती माझ्यामुळं गेली."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"ताप आमच्या घरात हुता. तिच्या घरात न्हवता. मला उचलली आन ताप तिच्याकडं गेला. मामी म्हणायची, हिनं दोन आया खाल्ल्या. तुझ्या गावाकडं मी एकदाबी फिरकले न्हाय ती त्याच लाजेनं. तुला काय त्वांड दावायचं?"

"न्हाय न्हाय," आबा म्हणाले. "माझी आई मी खाल्ली. आख्ख्या गावाला ठावं हाय."

"गावाला काय ठावं? मी सांगते न्हवं."

"तू कोण सांगणार? आई माझी."

"दूध मीबी प्यालेय तिचं."

"म्हणून काय झालं? आधी मी हुतो."

"पर ताप कुणी नेला?"

बांधावरून भांडावं तसे ते दोघे भांडत होते, आणि एकही जण इंचभर मागे सरायला तयार नव्हता. शेवटी आत्या वैतागून म्हणाली, "मंग निम्मी निम्मी वाटून घ्या की." मी मध्ये पडून विषाणू, श्वास, थुंकीचे कण असं सगळं समजावायला लागले. त्या साथीत तरण्या माणसांचेच जास्त बळी गेले, बाळंतिणींचे तर फारच, हेही सांगितलं. आक्कांच्या सुनेने चहा आणला. चहा सगळ्यांनी घेतला, विषाणू कुणीच घेतला नाही.

आक्कांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. एवढा वेळ ठणठणीत बोलणारी बाई एकदम लहान दिसायला लागली. "मामी मला चुलीपशी येऊ द्यायची न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हणायची, तुझा हात नगं."

मग आबा ओसरीवर चढले. कुणी या म्हटलं नाही, त्यांनी आपला कुठला पाय आधी पडतो तेही पाहिलं नाही. आक्कांच्या समोर मांडी घालून बसले आणि त्यांना दटावलं, जसे ते शेळीच्या करडाला दटावत.

"अगं, काय बोलतीयास तू? एवढंसं प्वार. डोळंबी धड उघडलं नसतील. त्यानं कुणाला खावं? काय अक्कल हाय का तुझ्या मामीला? तान्हं लेकरू कुणाला खातंय व्हय?"

आणि ते थांबले. बोललेलं त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं.

आक्कांनी पदराने तोंड पुसलं. "तू केवढा हुतास रं तवा?"

"बसाय लागलो हुतो म्हणतीस न्हवं."

"चालत हुतास?"

"न्हाय."

"बोलत?"

"न्हाय."

"मंग?"

आबा आक्कांकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा आक्कांकडे. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या आजोबांच्या मयताला ते लांब झाडाखाली उभे होते. आता ते भर ओसरीवर, परक्या घरात, सुनेसमोर रडले आणि रडता रडता आक्कांचा हात धरून म्हणाले, "आपुन खाल्लं कुठं गं तिला? आपुन निस्तं दूध प्यालो."